बिननावाची कार्डं

बंगळुरू शहरात सरकारी सूचना वाचून पेढे वाटणारा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि त्या सूचनेने ज्याची डोळे तपासायची खोली बंद पाडली तो माणूसही तोच. गेल्या वर्षी जूनची नऊ तारीख, सोमवार, सकाळचे सव्वाअकरा. रक्कम रुपये दोन हजार, डिमांड ड्राफ्टने, कोणत्याही कारणास्तव परत न मिळणारी. हजर तिघे: आमचे चष्मेवाले अण्णा, मी, आणि नोंदणी कार्यालयाच्या खिडकीपलीकडे बसलेल्या बाई. अण्णांनी तो ड्राफ्ट देवळात नैवेद्याचं ताट पुढे करावं तसा दोन्ही हातांनी आत सरकवला आणि कन्नडमध्ये सांगितलं, की हे पैसे भरायची मी सव्वीस वर्षं वाट बघतोय. बाईंनी शिक्का मारला, पावती बाहेर ढकलली आणि म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. मागचे पुढे या." त्या पावतीची झेरॉक्स माझ्याकडे आहे. ती मी अधूनमधून काढून बघतो, मला दर वेळी तितकाच राग येतो, आणि म्हणून हे लिहायला बसलो आहे.

अण्णा नात्याने माझे कोणी लागत नाहीत. त्यांचे पूर्वज आणि माझे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेच्या मागून इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं, एवढाच आमचा संबंध. घरात आम्ही दोघेही मराठी बोलतो, पण पुण्याहून नव्याने आलेली मंडळी ती ऐकून विचारतात की तुम्ही नक्की कुठले. चामराजपेटेत बाजाराच्या बाजूला जाणाऱ्या एका गल्लीत अण्णांचं दुकान आहे, नऊ फूट रुंद आणि बावीस फूट खोल. खोली मी स्वतः टेपने मोजली आहे, कारण पहिल्याच भेटीत त्यांनी मला ती मोजायला लावली. डोळे तपासायला माणूस आणि अक्षरांचा तक्ता यांच्यात सहा मीटर अंतर हवं. मोठ्या रस्त्यावरचं, दुप्पट गिऱ्हाइकांचं दुकान त्यांनी तरुणपणी केवळ चौदा फूट खोल म्हणून सोडलं. आरसा लावून अंतर वाढवता येतं, सगळे तसंच करतात, हे मी म्हणालो तेव्हा ते म्हणाले, "आरशावर धूळ बसते, आणि माणसाला वाटतं आपलेच डोळे गेले." मी पीण्या या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्याच्या तपासणी विभागात काम करतो. दिवसभर पिना आणि बुश मोजतो आणि मिलिमीटरच्या शतांशावर भांडतो. असा माणूस मला शहरात दुसरा भेटला नव्हता, त्यामुळे राजाजीनगरातल्या माझ्या घरापासून चालत चार मिनिटांवर तीन चष्म्याची दुकानं असताना मी बावीस वर्षं बस बदलून चामराजपेटेत जात राहिलो.

अण्णांच्या दुकानातून एका दिवसात चष्म्याचा नंबर घेऊन कोणीही बाहेर पडलेलं नाही. ते डोळे दोनदा तपासतात, दोन वेगळ्या दिवशी. दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाचं कार्ड उलटं ठेवतात आणि सगळं पहिल्यापासून करतात. दोन्ही नंबर जुळले तर चष्मा, नाही जुळले तर तिसरा दिवस. पाव नंबरचा फरक पडला तरी तिसरा दिवस. माझ्या बायकोला पहिल्यांदा त्यांच्याकडे नेलं, त्या सकाळी तिचं पाण्याच्या टँकरवाल्याशी भांडण झालं होतं. अण्णांनी तिच्या डोळ्यांवर ती गोल लोखंडी फ्रेम चढवली, दोन काचा बदलल्या आणि फ्रेम काढून ठेवली. "अक्का, तुम्ही कुणावर तरी चिडून आला आहात. चिडलेल्या माणसाचा नंबर तात्पुरता असतो. गुरुवारी या." ती गुरुवारी गेली ती अण्णांवर चिडूनच, तेव्हा त्यांनी तिला सोमवारचा दिवस दिला. ज्यांचा स्वतःचा राग कधी उतरलेला कुणी पाहिला नाही, त्यांनी हे म्हणावं याची तिला फार गंमत वाटली, आणि त्या हसण्यातच तिचा नंबर निघाला. तो पुढे सात वर्षं बदलला नाही.

चष्मा न विकण्यात त्यांचा हातखंडा होता. एकदा मी बसलेलो असताना पुण्याहून आलेला एक आयटीवाला आला. त्याला स्क्रीनसाठी चष्मा हवा होता, निळा प्रकाश अडवणारा, वर कसलंसं प्रीमियम कोटिंग, आणि पैशाचा प्रश्न नव्हता. अण्णांनी त्याला दोन दिवस बोलावलं. दुसऱ्या दिवशी कार्डावर दोन शून्यं लिहिली आणि सांगितलं, "तुम्हाला काही झालेलं नाही. किती वाजता झोपता?" तो म्हणाला, तीन वाजता. "मग झोप पाहिजे. ती माझ्याकडे नाही." त्या मुलाने समोरच्या दुकानातून साडेचार हजारांचा चष्मा घेतला. अण्णांच्या डोळ्यांदेखत त्याने तो घालूनही पाहिला.

या समोरच्या दुकानाबद्दल मला सांगितलंच पाहिजे. ते सगळं काचेचं आहे. त्यात एक यंत्र आहे. गिऱ्हाइकाने हनुवटी टेकवायची, आतलं चित्र बघायचं, आणि बसच्या तिकिटाएवढ्या कागदावर नंबर छापून येतो. यंत्र वाईट नाही, अण्णाही तसं म्हणत नाहीत. यंत्राने सुरुवात करून द्यायची आणि पुढे शिकलेल्या माणसाने विचारत विचारत नंबर पक्का करायचा, अशी रीत आहे. समोर मात्र यंत्राने सुरुवात करायची आणि विक्रेत्याने लगेच फ्रेम दाखवायची, अशी रीत आहे. तो विक्रेता त्याआधी मोबाइलची कव्हरं विकत होता. अण्णांचा सगळा जन्माचा राग या एका गोष्टीवर होता, की डोळे तपासायला कुणालाही काहीही शिकावं लागत नाही आणि सरकार विचारत नाही. दर वर्षी जानेवारीच्या दोन तारखेला ते राज्य सरकारला एक पत्र लिहीत, कारण एक तारखेला सरकार सुट्टीच्या मनःस्थितीत असतं. त्यात दर वर्षी तेच वाक्य असे: ऑटो चालवायला लायसन्स लागतं, माणसाच्या डोळ्यांपुढे काच धरायला लागत नाही. अशी सव्वीस पत्रं. पोचपावत्या एका बिस्किटाच्या डब्यात. उत्तरं दोन, दोन्हींत पत्र दुसऱ्या खात्याकडे पाठवल्याची माहिती.

आणि मग ती सूचना आली. राज्यात यापुढे डोळे तपासणाऱ्या प्रत्येकाची नोंदणी होणार. चार वर्षांची पदवी आणि एक वर्ष प्रत्यक्ष काम हवं. नोंदणीचा क्रमांक दुकानात लावायचा, पावतीवर छापायचा. ठरलेल्या तारखेनंतर नोंदणीशिवाय तपासलं तर गुन्हा. अण्णांनी अर्धा किलो पेढे आणले आणि गल्लीत वाटले, समोरच्या दुकानातही दिले. मला फोन करून म्हणाले, "मापवाले, आपली पत्रं पोचली." मी म्हणालो, सूचना मला पाठवा, वाचतो. अकरा पानं होती. मी कुठलाही कागद शेवटच्या पानापासून वाचतो, कारण तिथेच अटी असतात. नवव्या पानावर अण्णा होते. म्हणजे त्यांच्यासारखे लोक होते: पदवी नाही, पण फार पूर्वी दोन वर्षांची पदविका घेतलेले. अशांना नोंदणी मिळेल, पण गेल्या दहा वर्षांचं काम दाखवावं लागेल. दर वर्षाच्या किमान तीस व्यक्ती, एकूण तीनशे. प्रत्येकीचं पूर्ण नाव, वय आणि पत्ता. मुदत नव्वद दिवस.

मी हसलोच. अण्णांकडे कार्डांचे अकरा खण होते. दुकान उघडलं त्या दिवसापासून तपासलेल्या प्रत्येक माणसाचं कार्ड, दोन्ही दिवसांचे नंबर, दोन्ही डोळ्यांचे, तारखेसह. मी पुढे मोजली तेव्हा नऊ हजार चारशे सात भरली. तीनशे कशाला, हवी तर तीन हजार देऊ, असं म्हणत आम्ही ड्राफ्ट भरला, तो मी वर सांगितलेला. त्यानंतरच्या रविवारी मी पहिला खण उघडला आणि माझं हसू गेलं.

कार्डावर नावाची जागा होती आणि तिथे लिहिलेलंही होतं. "फूलवाली अक्का, थोरली." "तिसऱ्या मेन रोडचे मास्तर." "मास्तरांचा दुसरा, जो हट्टी आहे." "पीण्या मापवाले", हा मी. "मापवाले यांच्या अक्का, टँकर." नऊ हजार चारशे सात कार्डांत एकाही माणसाचं नाव नव्हतं. आमच्या जुन्या घरांतून ही सवय आहे, मी नाकारणार नाही. समोरच्याला अण्णा किंवा अक्का म्हणायचं, आणि दुसरा अण्णा आला की त्याला कुठला ते जोडायचं. माझ्या स्वतःच्या आजेसासऱ्यांचं नाव मला त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावरून कळलं. पण दाखले, पावत्या, पत्रं सगळं जपून ठेवणारा हा माणूस अडतीस वर्षं हेच करत बसला होता, आणि मी बावीस वर्षं त्याच्यासमोर बसून त्याला "पीण्या मापवाले" लिहिताना पाहत होतो. मोजण्यात आयुष्य गेलेल्या दोन माणसांना एकदाही सुचलं नाही की नाव विचारावं. मी म्हणालो, अण्णा, हे काय. ते म्हणाले, "नाव विचारलं की माणूस ताठ बसतो. ताठ बसलेला माणूस चुकीचं वाचतो." आणि लगेच स्वतःच्याच कपाळावर हात मारला.

त्यापुढचे बारा रविवार मी आणि अण्णा लोकांची नावं विचारत हिंडलो. बायको म्हणाली, जनगणनेवाल्यांनी तरी दोनच चकरा मारल्या असत्या. फूलवाली थोरली अक्का बाजारात सापडली. अण्णांनी तिला नाव विचारल्यावर ती इतकी लाजली की शेजारच्या फुलवालीने सांगितलं. तिसऱ्या मेनचे मास्तर गेले होते. हट्टी मुलगा परदेशात होता, त्याने फोनवर नाव सांगितलं, वय सांगितलं आणि डोळे आता कसे आहेत तेही अर्धा तास सांगितलं. अलीकडची वर्षं भरत गेली. मागची अडायला लागली. लोक घरं बदलून गेले होते, फोन बंद होते, आणि मधली दोन वर्षं महामारीची, जेव्हा मास्कच्या वाफेने कुणालाच काही दिसत नव्हतं आणि दुकानातही कुणी येत नव्हतं. मुदतीला चार दिवस राहिले तेव्हा आमची बेरीज होती दोनशे एकोणसाठ. एक्केचाळीस कमी.

आता मी जे केलं ते सांगतो. मी अण्णांना म्हणालो, की एक्केचाळीस कार्डं तर खरी आहेत. माणसं खरी आहेत, नंबर खरे आहेत, तारखा खऱ्या आहेत. नाव तेवढं आपण घालू. कोण शोधायला जाणार आहे? पीण्याच्या कारखान्यात ज्याला लोक पाठीमागे काटेकोर म्हणतात त्या माणसाने हे सुचवलं, आणि अण्णा ओरडतील म्हणून मी आधीच मान खाली घातली होती. ते ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, "मापवाले, पिन दोन शतांशाने कमी भरली तर तुम्ही काय लिहिता?"

"जे भरलं ते."

"ड्रॉइंगवरचं नाही लिहीत?"

"नाही."

"सरी," असं म्हणून त्यांनी दोनशे एकोणसाठ कार्डांना दोरी बांधली.

कार्यालयाकडून तपासणीला एक गृहस्थ आले. वाईट माणूस नव्हता. त्याने कार्डं मोजली, दोनदा मोजली, ते पाहून अण्णा खूश झाले. मग त्याने खणांतली बाकीची नऊ हजारांवर कार्डं पाहिली, दोन-चार काढून वाचली आणि विचारलं, हे "गाडीवर भजी, डावा डोळा" कोण? अण्णा म्हणाले, चला, दाखवतो, कोपऱ्यावरच आहेत, आता नाव विसरून गेलो विचारायचं. तो गृहस्थ म्हणाला, मुदत काल संपली. अण्णा म्हणाले, खरं आहे. मी तिथेच बसलो होतो. मला वाटलं आता अण्णा उसळतील. अडतीस वर्षं साठलेला राग आज बाहेर येईल, सव्वीस पत्रांचा डबा या माणसापुढे आपटतील. त्यांनी त्याला कॉफी मागवली. महिन्याने अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र आलं. त्यात खाली छापील ओळ होती, की उमेदवाराने चार वर्षांची पदवी घेऊन पुन्हा अर्ज करावा. उमेदवार त्रेसष्ट वर्षांचे होते.

मी इतका भडकलो होतो की त्या दिवशी मी अण्णांशीच भांडलो. म्हणालो, अपील करा, लोकप्रतिनिधींकडे जाऊ, तुमचाच नियम आणि तुम्हीच बाहेर, हा कुठला न्याय? अण्णा भिंगांची पेटी पुसत होते. "नियम बरोबर आहे. मी लिहिला असता तर याहून कडक लिहिला असता." मग, अण्णा, एक्केचाळीस नावांसाठी? "माझ्याकडे एक्केचाळीस नावं नव्हती, ही माझी चूक. नऊ हजार लोकांना मी नाव विचारलं नाही." आणि त्यांनी आतल्या खोलीतल्या तक्त्यावर घरची एक जुनी सुती चादर टाकली. ज्या तारखेपासून गुन्हा, त्या तारखेपासून तपासणी बंद. आख्ख्या गल्लीत, मला वाटतं आख्ख्या शहरात, त्या तारखेला थांबलेला हा एकटाच. कुणीही बघायला येत नव्हतं, कुणालाही विचारलं जात नव्हतं. समोरच्या काचेच्या दुकानात तर नोंदणीचं प्रमाणपत्र फ्रेम करून लागलं होतं, एका खऱ्याखुऱ्या पदवीधराच्या नावाचं. तो पदवीधर मी आजतागायत पाहिलेला नाही. प्रमाणपत्राच्या खाली तोच विक्रेता, तेच यंत्र, तोच तिकिटाएवढा कागद. सगळं कायदेशीर. मला रागाने झोप येत नव्हती, आणि मला आठवत होतं की झोप अण्णांकडे मिळत नाही.

आणि तरी मी तिथे गेलो. हे मी बायकोलाही उशिरा सांगितलं. नोव्हेंबरात मला वाचायला त्रास व्हायला लागला, अण्णांकडे जाऊन उपयोग नव्हता, घराजवळच्या दुकानांत अनोळखी माणसं, आणि समोरच्या दुकानाला निदान सगळे ओळखतात असा मी विचार केला. हनुवटी टेकवली. चित्रात एक लांब रस्ता आणि शेवटी एक फुगा. चार मिनिटांत नंबर, चाळीस मिनिटांत चष्मा. तीन आठवड्यांनी आमच्याकडून गेलेल्या सहाशे पिना परत आल्या. मी बारा पूर्णांक अठ्ठेचाळीस लिहिलं होतं, गिऱ्हाइकाच्या यंत्रावर बारा पूर्णांक सेहेचाळीस भरत होतं. दोन शतांश. मायक्रोमीटरवरची रेघ मला दुसऱ्या रेघेशी जुळलेली दिसत होती आणि मी सही करत होतो. तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या सहीचा माल पहिल्यांदा परत आला. मालकांनी दुसरा माणूस माझ्या शेजारी आणून बसवला.

त्या शनिवारी मी अण्णांकडे सहज बसायला म्हणून गेलो. त्यांनी मी दारातून आत येईपर्यंत पाहिलं आणि हात पुढे केला. मी चष्मा काढून दिला आणि परत आलेल्या सहाशे पिनांचं, त्या दोन शतांशांचंही सांगितलं. त्यांनी तो हाताच्या अंतरावर धरला, काचेतून समोरच्या दाराच्या चौकटीची उभी कड पाहिली आणि चष्मा हळूहळू फिरवला. कड काचेत वाकते, सरकते, त्यावरून काचेचा नंबर हातानेच ओळखायची ही जुनी रीत, आता कुणाला येत नाही. उजवी काच त्यांनी तीनदा फिरवली. मग माझं जुनं कार्ड काढलं, पाहिलं, ठेवलं. "उजव्याचा तिरका नंबर मी लिहिला होता त्यापासून पंधरा अंश फिरलाय." त्यांचा आवाज चढला होता, मान लाल झाली होती, समोरच्या दुकानाकडे बघून त्यांनी असं काही कन्नड उच्चारलं जे मी लिहू शकत नाही. मी म्हणालो, मग तपासा ना, अण्णा. आत कोण बघायला येतंय. चादर काढा, एकदाच.

चष्मा हातात धरूनच त्यांनी आतल्या खोलीकडे दोनदा पाहिलं. "या काचेत काय आहे ते मी सांगू शकतो," ते म्हणाले. "तुमच्या डोळ्यात काय आहे ते सांगायचा मला आता अधिकार नाही. समोर कुणीतरी तो विकतोय म्हणून मी तो फुकट उचलू का?" आणि मग, पहिल्यांदाच, माझ्याकडे न बघता: "दोन शतांश म्हणालात?"

"दोन."

"सहाशे?"

"सहाशे."

त्यानंतर अण्णा तीन आठवडे दुकानात कमी आणि बाहेर जास्त होते. फोन केला तर बसमध्ये असायचे. मग कळलं, ते शहरात नोंदणीचा क्रमांक लावून बसलेल्या लोकांकडे जाऊन स्वतःचे डोळे तपासून घेत होते. प्रत्येकाकडे दोनदा, वेगळ्या दिवशी, दुसऱ्या वेळी टोपी घालून. नऊ जणांकडे. सात जणांचे दोन दिवसांचे नंबर आपसांत जुळले नाहीत. आठव्याचे जुळले, पण त्याला पहिलं कार्ड बघून दुसरं लिहिताना अण्णांनी पकडलं आणि तिथे भांडण करून आले. नववी राजाजीनगरातली एक मुलगी होती, पदवी, एक वर्ष काम, सगळं नियमात बसणारी, माझ्या घरापासून चालत चार मिनिटांवर. तिने अण्णांना तपासता तपासता मधेच थांबून विचारलं, "अंकल, तुम्हाला शुगर आहे का? आज जेवून आलात का? मग मी आज नंबर देत नाही. परवा सकाळी या." अण्णा मला सांगायला घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा ज्या दिवशी पेढे वाटले त्या दिवशीसारखा होता. माझ्या बायकोने कॉफी दिली ती थंड होऊन गेली. "परवा या म्हणाली," ते म्हणत राहिले, "मला. परवा या." तिने त्यांना ओळखलं नव्हतं, त्यांनी ओळख दिलीही नव्हती. बायकोने विचारलं, मग दुसऱ्या वेळी टोपी घालून गेलात का? ते म्हणाले, नाही, अक्का, तिच्यापुढे टोपी घालायची मला लाज वाटली.

आता अण्णांच्या दुकानात कुणी डोळे तपासायला आलं की ते राजाजीनगरचा पत्ता देतात आणि बसचा नंबरही सांगतात. ती लिहून देते, अण्णा काचा बसवतात, फ्रेम वाकवून कानामागे नीट बसते की नाही ते बघतात. एवढं नियमात आहे, नवव्या पानावरच आहे, मी वाचून दिलं. चादर अजून आहे. समोरचं काचेचं दुकानही आहे आणि आता ते शेजारचा गाळा घेणार असं ऐकतो. माझा राग कमी झालेला नाही. दोन जानेवारीला मी अण्णांना विचारलं, यंदा पत्र? ते म्हणाले, लिहिलं. यंदा एवढंच मागितलंय की ज्याचं प्रमाणपत्र भिंतीवर, तो माणूस त्या भिंतीला टेकून बसलेला असला पाहिजे.

मी त्या मुलीकडे शनिवारी गेलो आणि रविवारी पुन्हा गेलो. नंबर जुळला. कागद घेऊन अण्णांकडे आलो, त्यांनी काचा मागवल्या, पुढच्या गुरुवारी चष्मा माझ्या नाकावर ठेवून दोन्ही काड्या हलक्या हाताने दाबल्या. मला तक्त्याच्या चादरीवरची शिवण दिसली, टाका न् टाका. मग त्यांनी माझं कार्ड काढलं, तिच्या कागदावरून नंबर उतरवला, खाली तिचा नोंदणी क्रमांक लिहिला आणि पेन वर नेऊन थांबले. नजर कार्डावरच ठेवून त्यांनी विचारलं, "मापवाले, तुमचं पूर्ण नाव काय?"

त्या बारा रविवारांत शेकडो लोकांना विचारलं होतं, माझंच राहिलं होतं. आम्ही दोघंही तिथे होतो, म्हणून. मी सांगितलं. माझ्याही नकळत ताठ बसून सांगितलं. त्यांनी एकेक अक्षर नीट काढून लिहिलं, आधीच्या दोन शब्दांवर रेघ मारायला पेन टेकवलं, उचललं, आणि कार्ड तसंच खणात ठेवून खण लावला.

तपासणीचे साडेतीनशे रुपये राजाजीनगरच्या मॅडमना, पावतीवर नोंदणी क्रमांकासह. काचांचे नऊशे अण्णांना. ते पूर्वी तपासणीचे ऐंशी घेत, ते मी सवयीने नऊशेवर ठेवले होते. अण्णांनी ते ऐंशी मोजले आणि माझ्या हातात परत दिले.